सांडलेल्या तेलाचा हिशेब

नैर्ऋत्येचे वारे सुरू होऊन समुद्र खवळला आणि लाटा पुळणीवर दूरवर चढू लागल्या, की गोव्याच्या व कोकणाच्या काही किनाऱ्यांवर दरवर्षी काळे, चिकट गोळे येऊन पडू लागतात. काही सुपारीएवढे, काही त्याहून पुष्कळ मोठे असे हे डांबराचे गोळे अनवाणी चालणाऱ्याच्या तळव्याला चिकटतात, रापणीच्या जाळ्यात अडकले तर जाळे खराब करतात, आणि ते कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर किनाऱ्यावर उभ्या असलेल्या कोणालाही देता येत नाही. वास्तविक त्यांच्या उत्पत्तीत गूढ असे काही नाही. समुद्रात सांडलेल्या खनिज तेलातील हलके अंश उन्हावाऱ्याने उडून जातात, उरलेला जड अंश लाटांनी घुसळला जाऊन घट्ट होतो, त्यात वाळूचे व शिंपल्यांचे कण मिसळतात आणि वाऱ्याच्या रेट्याने तो किनाऱ्याला लागतो. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी अशा गोळ्यांची रासायनिक तपासणी केली तेव्हा काहींचे साम्य मुंबई हाय क्षेत्रातील तेलाशी, तर काहींचे जहाजांतून वाहून नेल्या जाणाऱ्या परदेशी तेलाशी आढळून आले.

कोडे आहे ते वेगळेच. विहिरीतून निघाल्यापासून शुद्धीकरण कारखान्यात पोहोचेपर्यंत ज्या तेलाच्या पिंपापिंपाची नोंद दप्तरात असते, ज्याच्यावर जकात बसते, ज्याचा विमा उतरलेला असतो आणि ज्याच्या मालकीवरून वर्षानुवर्षे दिवाणी दावे चालतात, तेच तेल समुद्रात सांडताक्षणी बेवारस कसे होते? आणि ज्या थोड्या प्रसंगी ते बेवारस राहिले नाही, त्याच्या मालकाला शोधून काढून त्याच्याकडून अब्जावधी डॉलर वसूल करण्यात आले, त्या प्रसंगी असे काय घडले होते? या दोन प्रश्नांच्या दरम्यान गेल्या सहा दशकांतील एक मोठा कायदेशीर इतिहास आहे आणि तो समजून घेण्यासाठी वकिलीच्या सनदेची मुळीच आवश्यकता नाही.

नुकसान कोणाच्या वहीत?

तेलाचा धंदा करणारी कंपनी एखाद्या जहाजाचा किंवा विहिरीचा हिशेब मांडते, तेव्हा खर्चाच्या बाजूला ती स्वतःच्या तिजोरीतून द्याव्या लागणाऱ्या रकमाच तेवढ्या लिहिते. जहाज बुडाले तर जहाज गेले आणि माल गेला. या दोहोंचा विमा बहुधा उतरलेला असतो. परंतु मच्छीमाराचा बुडालेला हंगाम, तेलाने पंख माखून मेलेले पक्षी, खारफुटीच्या मुळांवर बसून त्यांचा श्वास कोंडणारा थर, ही नुकसाने त्या वहीत कोठेच येत नाहीत, कारण ती सोसणारी माणसे आणि जीव त्या व्यवहारात कधी सामीलच नव्हते. अर्थशास्त्रात यास बाह्य परिणाम म्हणतात. व्यवहार दोघांचा आणि भुर्दंड तिसऱ्याला, एवढाच त्याचा अर्थ.

जुन्या वाड्यात माडीवरच्या बिऱ्हाडाचा नळ रात्रभर गळत राहिला आणि पाणी झिरपून खालच्या बिऱ्हाडाचे वर्षाचे धान्य भिजले, तर माडीवरच्याचे नुकसान वाया गेलेल्या पाण्यापुरतेच असते. नळाची चकती बदलण्याचा खर्च त्या पाण्याहून अधिक असेल तर तो चकती बदलणार नाही, आणि तसे वागण्यासाठी त्याने दुष्ट असण्याचीही गरज नाही. घरमालकाने भाडेपट्ट्यात एकच कलम घातले, की खालच्याचे धान्य भिजल्यास त्याची किंमत वरच्याने भरून द्यावी, तर ती चकती त्याच आठवड्यात बदलली जाईल.

तेलाच्या उद्योगात पर्यावरणाचा कायदा मुख्यतः हे कलम घालण्याचे काम करतो. कंपन्यांच्या सद्भावनेवर माझा सरसकट अविश्वास आहे असे नाही. परंतु सद्भावना संचालक मंडळागणिक बदलते, आणि खर्चाची बाब एकदा ताळेबंदात शिरली की ती मंडळ बदलले तरी तेथेच राहते. म्हणून भरपाई कोणी द्यावी, किती द्यावी आणि तिची तजवीज केव्हा करून ठेवावी, या तीन प्रश्नांची कायदा जी उत्तरे देतो त्यांवरच कंपनीची जबाबदारी खरोखर किती, हे ठरते.

टॉरी कॅनियन आणि एक जीवनौका

18 मार्च 1967 रोजी कुवेतहून आलेले टॉरी कॅनियन हे अजस्र तेलवाहू जहाज इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाजवळ, कॉर्नवॉल आणि सिली बेटे यांच्या दरम्यान असलेल्या सेव्हन स्टोन्स या खडकांवर चढले. मिलफर्ड हेवन बंदरात भरतीची वेळ साधण्याच्या घाईत कप्तानाने जवळची वाट धरली होती. जहाजावर सुमारे 1,19,000 टन खनिज तेल होते. ब्रिटिश सरकारने अखेर विमानांतून बॉम्ब टाकून ते तेल पेटविण्याचा प्रयत्न केला, किनाऱ्यांवर हजारो टन रासायनिक प्रक्षालके ओतली, आणि या प्रक्षालकांनी खडकांवरील सजीवसृष्टीचा तेलापेक्षाही अधिक नाश केला.

आता भरपाई मागावयाची कोणाकडे? जहाजाची नोंदणी लायबेरियाची होती. मालकी बाराकुडा टँकर कॉर्पोरेशन या कागदोपत्री कंपनीची होती. तिच्याकडून ते अमेरिकेतील युनियन ऑइल कंपनीने भाड्याने घेतले होते आणि त्या फेरीपुरते ते ब्रिटिश पेट्रोलियमला पोटभाड्याने दिले होते. मालकांनी अमेरिकेच्या न्यायालयात 1851 च्या एका कायद्याचा आधार घेतला. त्या कायद्याप्रमाणे जहाजमालकाचे दायित्व अपघातानंतर जहाजाचे जे काही शिल्लक उरेल त्याच्या किमतीपुरते मर्यादित होते. टॉरी कॅनियनची एक जीवनौका तेवढी वाचली होती आणि तिची किंमत 50 डॉलर होती. सबब आमचे दायित्वही 50 डॉलर, असे त्यांचे म्हणणे पडले.

1851 मध्ये हा कायदा अन्यायाचा नव्हता, हे सांगितले पाहिजे. शिडाचे जहाज एकदा बंदर सोडून गेले की महिनोन् महिने मालकाचा त्याच्याशी संबंध उरत नसे, आणि दूर समुद्रात कप्तानाने केलेल्या प्रमादासाठी मालकाचे घरदार जप्त व्हावे हे कोणालाच रास्त वाटले नसते. परंतु बिनतारी संदेशाच्या युगातही तोच नियम जिवंत राहिला आणि त्याच्या आडोशाला एक लाख टन तेल उभे राहिले. ब्रिटिश सरकारने मग निराळाच मार्ग शोधला. त्याच मालकाचे लेक पालुर्ड हे दुसरे जहाज सिंगापूर बंदरात आले असता त्याच्यावर समन्स बजावण्यात आले, आणि अखेर 1969 मध्ये 30 लाख पौंडांवर तडजोड होऊन ती रक्कम ब्रिटन व फ्रान्स यांनी वाटून घेतली.

त्याच वर्षी ब्रुसेल्स येथे तेलप्रदूषणाच्या दिवाणी दायित्वाविषयी आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याने जहाजमालकाचे दायित्व दोषनिरपेक्ष केले, म्हणजे मालकाने निष्काळजीपणा केला हे सिद्ध करण्याचे ओझे पीडिताच्या डोक्यावरून उतरविले. आणि 2,000 टनांहून अधिक तेल माल म्हणून वाहणाऱ्या प्रत्येक जहाजाला विम्याचे प्रमाणपत्र सक्तीचे केले. या दुसऱ्या कलमाचे महत्त्व मला पहिल्याहून अधिक वाटते. भरपाईची रक्कम विमा कंपनीला द्यावी लागणार असल्यामुळे जहाजाचे पत्रे गंजले आहेत काय, खलाशी शिकलेले आहेत काय, याची चौकशी करण्यात तिचा स्वतःचाच स्वार्थ निर्माण झाला. सरकारी पगार न घेणारा एक तपासनीस कायद्याने उभा केला. पुढे 1971 च्या करारान्वये भरपाईचा एक स्वतंत्र निधी स्थापन झाला आणि सागरी मार्गाने वर्षाला दीड लाख टनांहून अधिक तेल घेणाऱ्यांवर त्याची वर्गणी बसविण्यात आली. सुधारित निधीचा भारतही सदस्य असून मोठ्या वर्गणीदार देशांत त्याची गणना होते. दुसऱ्या एखाद्या सदस्य देशाच्या किनाऱ्यावर तेल सांडले तर त्याच्या भरपाईचा काही अंश आपल्या शुद्धीकरण कारखान्यांच्या खर्चातही पडतो तो यामुळे.

अपघाताशिवाय, रोजच्या व्यवहारात सांडणाऱ्या तेलाचा बंदोबस्त करणे मात्र अधिक अवघड होते. रिकाम्या टाक्यांत समुद्राचे पाणी भरून जहाज स्थिर ठेवावयाचे आणि मग ते तेलकट पाणी, टाक्या धुतलेल्या पाण्यासह, भर समुद्रात सोडून द्यावयाचे, ही जुनी रूढी होती. 1973 चा आणि 1978 मध्ये दुरुस्त झालेला मारपोल करार या रूढीला आळा घालण्यासाठी आला. त्याने प्रत्येक मोठ्या जहाजाला तेलाची नोंदवही ठेवावयास लावले. पाणी सोडताना जहाज पकडणे दुर्घट असते. परंतु वहीतील नोंद आणि टाकीतील माप यांचा मेळ बसत नाही हे बंदरातील अधिकाऱ्याला धक्क्यावर उभ्या उभ्या कळते. अमेरिकेत तर खोटी नोंदवही सादर करणे हाच गुन्हा धरून अनेक जहाज कंपन्यांना जबर दंड झाले आहेत.

मूळ कंपनी कोठे संपते?

बाराकुडासारख्या कागदोपत्री कंपन्यांचा प्रश्न तरीही उरलाच. जोखमीचे काम एका लहान दुय्यम कंपनीच्या नावावर करावयाचे आणि नफा मूळ कंपनीकडे वळवावयाचा, ही युक्ती व्यापारी कायद्याला मान्य आहे, कारण प्रत्येक कंपनी ही कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र व्यक्ती असते. 16 मार्च 1978 रोजी अमोको कॅडिझ या जहाजाचे सुकाणू निकामी होऊन ते फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर फुटले आणि दोन लाख टनांहून अधिक तेल पसरले, तेव्हा तेथील किनारी गावांनी एक धीराची गोष्ट केली. जहाजाच्या नाममात्र मालकापाशीच न थांबता त्यांनी थेट शिकागोच्या न्यायालयात मूळ कंपनीवर, म्हणजे स्टँडर्ड ऑइल ऑफ इंडियानावर, दावा लावला. 1984 मध्ये न्यायालयाने निर्णय दिला, की जहाजाची देखभाल व खलाशांचे शिक्षण यांवर मूळ कंपनीचे प्रत्यक्ष नियंत्रण होते, तेव्हा दायित्वही तिचेच. हा दावा पुरता निकालात निघावयास 1992 साल उजाडले. चौदा वर्षे वाट पाहू शकेल असा मच्छीमार विरळाच, आणि न्यायास लागणाऱ्या विलंबाचा फायदा नेहमी सधन पक्षालाच होतो, ही या क्षेत्रातील सर्वांत मोठी उणीव आहे.

याहून सूक्ष्म असा निकाल एरिका या जहाजाच्या प्रकरणात लागला. डिसेंबर 1999 मध्ये टोटाल कंपनीचे जड इंधनतेल घेऊन जाणारे हे पंचवीस वर्षांचे जुने जहाज ब्रिटनीपासून जवळच दुभंगले. टोटाल जहाजाची मालक नव्हती आणि आंतरराष्ट्रीय कराराने मुख्य दायित्व मालकावरच ठेवलेले होते. परंतु भाड्याच्या जहाजांची स्वतः तपासणी करण्याची एक पद्धत टोटालने आपण होऊन सुरू केली होती. ती तपासणी तिने हयगयीने केली, असे फ्रेंच न्यायालयांनी ठरविले आणि 2012 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ते दायित्व कायम केले. शिवाय निसर्गाची हानी ही कोणाच्या मालमत्तेची हानी नसली तरीही भरपाईस पात्र आहे, हे तत्त्वही त्यात मान्य झाले. स्वेच्छेने घेतलेली जबाबदारी नीट पार पाडली नाही तर ती कायदेशीर जबाबदारी होऊ शकते, हे यावरून कंपन्यांच्या ध्यानी आले.

अलास्काचा धडा

24 मार्च 1989 रोजी एक्सॉन व्हाल्डेझ हे जहाज अलास्कातील प्रिन्स विल्यम साउंडमध्ये ब्लाय नावाच्या खडकावर आदळले आणि सुमारे 1 कोटी 10 लाख गॅलन तेल सांडले. टॉरी कॅनियनच्या मानाने हे प्रमाण तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी होते. पण सुमारे दोन हजार किलोमीटर लांबीच्या किनाऱ्याला तेल लागले आणि अडीच लाखांच्या आसपास समुद्रपक्षी मेले असा अंदाज आहे. सफाईवर एक्सॉनने दोन अब्ज डॉलरहून अधिक खर्च केला, सरकारला दिवाणी तडजोडीपोटी 90 कोटी डॉलर द्यावयाचे कबूल केले, आणि तरीही मच्छीमारांना ज्युरीने 1994 मध्ये दिलेली 5 अब्ज डॉलरची दंडात्मक भरपाई 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयात सुमारे 50 कोटींवर उतरली.

तथापि या अपघाताचे खरे फळ म्हणजे 1990 चा अमेरिकेचा तेलप्रदूषण कायदा. त्याने एकपदरी कवचाच्या जहाजांना टप्प्याटप्प्याने बंदी करून दुपदरी कवच सक्तीचे केले. तेल सांडल्यास काय करणार याची योजना आगाऊ मंजूर करून घेतल्यावाचून कोणालाही तेल हाताळता येणार नाही असे ठरविले. पिंपामागे पाच सेंटांचा कर बसवून त्यातून निधी उभारला. भरपाईला त्यानेही मर्यादा ठेवली, परंतु घोर निष्काळजीपणा किंवा सुरक्षेच्या सरकारी नियमाचा भंग सिद्ध झाला की ती मर्यादा नाहीशी होते. या एका अटीने कंपन्यांच्या कचेऱ्यांतील कामकाज पालटले. पूर्वी सुरक्षेचा नियम मोडला तर त्या नियमासाठी सांगितलेला किरकोळ दंड होई. आता तोच नियम मोडण्याची किंमत अमर्याद भरपाई एवढी झाली. एक्सॉनने यानंतर आपल्या सर्व कामांसाठी सुरक्षेची एक सर्वंकष अंतर्गत व्यवस्था उभारली, आणि अपघाताआधी जो तपशील दुय्यम अधिकाऱ्याच्या मेजावर संपत असे तो वरिष्ठांपर्यंत जाऊ लागला.

त्या कायद्यातील आणखी एक तरतूद मला विशेष मोलाची वाटते. प्रिन्स विल्यम साउंडच्या परिसरातील गावे, मच्छीमार व आदिवासी समाज यांच्या प्रतिनिधींचे एक नागरिक सल्लागार मंडळ त्याने मान्य केले. मंडळाचा खर्च तेल उद्योगाने द्यावयाचा, परंतु सभासद नेमण्याचा अधिकार त्याला नाही. तेल भरून निघणाऱ्या जहाजांना सोबतीला टग देण्याच्या व्यवस्थेवर हे मंडळ आजही डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवते. एक्सॉन व्हाल्डेझला मात्र त्याच कायद्याने त्या पाण्यात पुन्हा येण्यास कायमची मनाई झाली. नावे बदलत बदलत ते जहाज 2012 मध्ये भंगारासाठी गुजरातेतील अलंग येथे आले, आणि तेथे उतरविण्यापूर्वीही त्याचे प्रकरण आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे गेले होते.

पिंपामागे दंड

20 एप्रिल 2010 रोजी मेक्सिकोच्या आखातात बीपी कंपनीच्या मकोंडो विहिरीत स्फोट होऊन डीपवॉटर होरायझन हा तरंगता खोदकाम मंच जळाला, 11 कामगार प्राणांस मुकले आणि 87 दिवस तेल वाहत राहिले. विहिरीचे काम वेळापत्रकाच्या मागे पडले होते आणि मंचाचे भाडेच दिवसाला सुमारे पाच लाख डॉलर होते. दाबाच्या चाचणीचे आकडे धोका दाखवीत असतानाही त्यांचा सोयीचा अर्थ लावण्यात आला. मंचाची मालक ट्रान्सओशन हिने याही वेळी 1851 चा तोच कायदा पुढे करून आपले दायित्व सुमारे 2 कोटी 67 लाख डॉलरपुरते मर्यादित करण्याचा अर्ज केला. पण तेलप्रदूषणाच्या दाव्यांपुरती त्याची धार 1990 च्या कायद्याने काढून घेतलेली होती.

जलशुद्धीच्या कायद्याप्रमाणे दंड सांडलेल्या पिंपामागे होता: सामान्यतः 1,100 डॉलरपर्यंत, आणि घोर निष्काळजीपणा असल्यास 4,300 डॉलरपर्यंत. त्यामुळे खटल्याचा सारा भर दोन गोष्टींवर आला, पिंपे किती आणि निष्काळजीपणा कोणत्या प्रतीचा. सरकारचे म्हणणे 42 लाख पिंपे, कंपनीचे 24 लाख 50 हजार. न्यायमूर्ती कार्ल बार्बिए यांनी 31 लाख 90 हजार ठरविली. 2014 मध्ये त्यांनी बीपीचा निष्काळजीपणा घोर असल्याचा निष्कर्ष काढून 67 टक्के दोष तिच्या, 30 टक्के ट्रान्सओशनच्या आणि 3 टक्के सिमेंट भरणाऱ्या हॅलिबर्टनच्या माथी ठेवला. दंड त्यामुळे साडेतेरा अब्ज डॉलरच्या वर जाऊ शकला असता. 2015 च्या तडजोडीत तो साडेपाच अब्ज ठरला आणि निसर्गाची हानी व राज्यांची भरपाई धरून एकूण रक्कम 20.8 अब्ज डॉलर झाली. दिवसाच्या भाड्याची बचत करण्यासाठी चाचणी आटोपती घेणाऱ्या प्रत्येक व्यवस्थापकापुढे आता हा आकडा आहे.

कायद्याची उणीवही याच प्रकरणी उघड झाली. समुद्रातील विहिरींची तपासणी करणारे सरकारी खातेच त्या विहिरींच्या उत्पन्नातील सरकारी हिस्सा वसूल करीत असे. उत्पन्न वाढावे अशी ज्याची इच्छा, त्यानेच काम थांबविण्याचा हुकूम द्यावा ही अपेक्षा चुकीची होती, आणि त्या खात्याचे नंतर विभाजन करण्यात आले.

> दायित्वाच्या तीन पायऱ्या
> चूक सिद्ध झाली तरच भरपाई, हे दोषाधिष्ठित दायित्व. चूक सिद्ध न करताही भरपाई मिळते, परंतु युद्ध किंवा असाधारण नैसर्गिक आपत्ती यांसारखे अपवाद सोडून आणि बहुधा ठरावीक मर्यादेपर्यंत, हे दोषनिरपेक्ष दायित्व. ज्याला असा कोणताही अपवाद नाही ते निरपेक्ष दायित्व. हे तत्त्व भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने मांडलेले आहे.

भारतात तत्त्व आहे, तजवीज नाही

भोपाळच्या विषारी वायूने 1984 मध्ये केलेला संहार ताजा असतानाच, डिसेंबर 1985 मध्ये दिल्लीतील श्रीराम कारखान्यातून ओलियम वायूची गळती झाली. त्या खटल्यात सरन्यायाधीश भगवती यांच्या खंडपीठाने इंग्लंडचा एकोणिसाव्या शतकातील नियम अपुरा ठरवून निरपेक्ष दायित्वाचे तत्त्व स्थापिले आणि उद्योग जितका मोठा व संपन्न तितकी भरपाई अधिक असावी, असेही सांगितले. 1986 चा पर्यावरण संरक्षण अधिनियम आणि 1991 चा सार्वजनिक दायित्व विमा अधिनियम त्याच काळातले. पुढे 2010 च्या अधिनियमाने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण स्थापन झाले.

तत्त्वाच्या दृष्टीने पाहिले तर आपला कायदा अमेरिकेच्या पुढे आहे. उणीव आहे ती पूर्वतयारीची. 27 मे 2020 रोजी आसामातील तिनसुकिया जिल्ह्यात बाघजान येथे ऑइल इंडियाच्या विहिरीतून वायूचा उद्रेक झाला, 9 जूनला ती पेटली, दोन अग्निशामक जवान मृत्यू पावले, दिब्रू-सैखोवा राष्ट्रीय उद्यानाच्या शेजारच्या मागुरी बिल या पाणथळ तलावाच्या पाण्यावर तेलाचा तवंग आला, आणि विहीर पूर्ण बंद करण्यास नोव्हेंबर लागला. न्यायाधिकरणाने कंपनीला 25 कोटी रुपये भरण्याचा आदेश दिला तो उद्रेकानंतर. विहीर खोदण्यापूर्वीच त्या आकाराची हमी जमा असती, आणि बिलात मासे धरणाऱ्या गावांना सुरक्षेची योजना वाचण्याचा व तिच्यावर हरकत घेण्याचा हक्क असता, तर परवान्याच्या वेळीच अनेक प्रश्न विचारले गेले असते.

मुंबई हायचे तेल समुद्राखालच्या नळांतून जेथे किनाऱ्याला लागते त्या उरणच्या परिसरात कोळ्यांची वस्ती दाट आहे, आणि ऑगस्ट 2010 मध्ये मुंबई बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा व खलिजिया या जहाजांची टक्कर होऊन सांडलेल्या तेलाची झळ रायगडच्या खारफुटीने व मासेमारीने सोसलेली आहे. उद्योगाने खर्च द्यावा आणि गावांनी सभासद नेमावेत, असे मंडळ येथे असावे असे मला निश्चितपणे वाटते. त्यासाठी संसदेकडे जाण्याचीही आवश्यकता नाही. 1986 च्या अधिनियमाचे तिसरे कलम केंद्र सरकारला अशी प्राधिकरणे स्थापण्याचा अधिकार देते, आणि त्याच कलमाखाली 1996 मध्ये स्थापन झालेल्या डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली तेथील औष्णिक वीज केंद्राकडून गंधक शोषून घेणारी यंत्रणा बसवून घेतली होती.